उंटापुढचं प्यादं

यंदा मोहोर उशिरा आला. पौष अर्धा सरला तरी आमची आंब्याची कलमं नुसती पालवी मिरवत उभी होती, आणि भाट्याच्या पुलावर भेटणारा प्रत्येक बागवाला थंडीला नावं ठेवत होता. मग चार दिवसांत सगळं पालटलं. पहाटे जमिनीकडून येणारा मतलई वारा सुटला, खळ्यातल्या तुळशीच्या कट्ट्यावर दव ओघळायला लागलं, आणि परवा शाळेतून घरी येऊन स्कूटर लावते तर दारातच तो वास. मोहोराचा वास गोड असतो असं सगळे म्हणतात. मला तो नुसता गोड कधी लागला नाही. त्यात काहीतरी तुरट असतं, थोडी धूळ असते, आणि शेजारच्या बागेतल्या फवारणीचा घशाशी येणारा उग्रपणाही असतो. तो नाकात शिरला की मी एकोणीस वर्षांची होते. दरवर्षी होते.

त्या संध्याकाळी पडवीत बसून मी मोबाइलवर बुद्धिबळ खेळत होते. माझी एवढीच एक चैन आहे. समोरचा माणूस कोण, कुठला, बाई की पुरुष, काही ठाऊक नसतं. दहा मिनिटांचा डाव असतो, संपला की तो त्याच्या वाटेने आणि मी भाकऱ्या थापायला. मी माझी नेहमीची सुरुवात केली. वजिराच्या बाजूच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं पुढे. समोरच्यानेही तेच केलं. मी घोडा काढला, त्याने घोडा काढला. मी उंटासाठी खिडकी उघडली, त्यानेही उघडली. पाच-सहा खेळ्यांनंतर पटाच्या मधोमध कुणी पाणी भरून ठेवावं आणि माझ्या बाजूचं सगळं पलीकडे उलटं दिसावं, तसं चित्र झालं. पुढे सोंगट्या कटत गेल्या, आणि शेवटी त्याच्याकडून बरोबरी मागणारी खूण आली. मी ती घेतली.

आई आतून म्हणाली, "हरलीस काय गो?"

"नाही. बरोबरी."

आईच्या हातातली पळी क्षणभर थांबली. मग पुन्हा कुळथाच्या पिठीत फिरू लागली.   बरोबरी हा शब्द आमच्या घरात तितकासा साधा नाही.

माझे वडील, आप्पा, मालवाहू जहाजावर होते. वर्षातले आठ-नऊ महिने ते समुद्रावर असत आणि उरलेले घरी. त्यामुळे माझ्या लहानपणी वडील हा एक मोसमच होता. ते आले की घराला डिझेलचा आणि परदेशी साबणाचा वास यायचा. ट्रंकेतून टिनचे डबे निघायचे, आणि आईचा आवाज थोडा वरच्या पट्टीत जायचा. ते गेले की घर पुन्हा आपल्या नेहमीच्या आवाजात बोलायला लागायचं.

मी तिसरीत असताना त्यांनी त्या ट्रंकेतून एक बुद्धिबळाचा पट काढला. जहाजावरचा पट होता तो. प्रत्येक घराला मधोमध भोक आणि प्रत्येक सोंगटीच्या बुडाला लहानशी खुंटी. जहाज हललं तरी डाव विस्कटू नये म्हणून. आमच्या जांभ्या दगडाच्या पडवीत काहीच हलत नव्हतं, पण आप्पा प्रत्येक सोंगटी अशी दाबून बसवायचे की जणू बाहेर वादळ आहे.

आपल्याला हा खेळ एका केरळी सोबत्याने शिकवला असं ते सांगत. भाषा येत नव्हती, म्हणून तो फक्त खेळून दाखवायचा. आप्पांनीही मला तसंच शिकवलं, फारसं न बोलता. चुकलं तर खेळी मागे घेऊ द्यायचे नाहीत. मात्र मी एखादी सोंगटी धोक्यात ठेवून भलतीकडेच हात न्यायला लागले, की ते त्या सोंगटीच्या डोक्यावर नखाने दोनदा टकटक करायचे. एवढाच इशारा. मग आपलं आपण शोधायचं.

सुरुवात मात्र ते कायम एकच करायला लावत. राजापुढचं प्यादं पुढे टाकून मध्यावर लगेच भांडायला जायचं नाही. कडेने निघायचं, उंटापुढच्या प्याद्याने. "आधी आपलं घर नीट लावावं," ते म्हणायचे. "भांडण काय, होतंच नंतर." बोटीवरच्या माणसाला घर लावण्याची एवढी ओढ का होती, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते त्या वर्षी दिवाळी आटपली आणि आप्पांच्या हातातून चहाचा कप पडला. ते पडवीत बसले होते. कप पडला, ते त्याच्याकडे बघत राहिले, आणि आई "असू दे, मी पुसते" म्हणत फडकं घेऊन आली तेव्हा ते खुर्चीतून उजवीकडे कलले. पुढचे तीन आठवडे रत्नागिरीच्या एका दवाखान्यात गेले. घरी आले तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय निर्जीव झाले होते आणि बोलणं पूर्ण गेलं होतं. एक "हां" तेवढा उरला होता. तहान लागली तरी हां, दुखलं तरी हां.

आणि ते कशालाही मान डोलवायचे. पाणी हवं का म्हटलं की होकार, नको का म्हटलं की तोही होकार. डॉक्टर चांगले होते, खोटी आशा लावणारे नव्हते. त्यांनी आईला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की मेंदूचा जो भाग बोलण्याचा आणि समजण्याचा असतो तिथेच इजा झाली आहे. यांना किती कळतंय ते आज कुणी सांगू शकणार नाही. काही पेशंट समोरच्याची नक्कल करतात. आपण हसलो की हसतात, हात वर केला की हात वर करतात. त्यावरून त्यांना समजतंय असं धरून चालू नका.

ते खरंच होतं. आई त्यांना गुरगुट्या भात भरवायची तेव्हा नकळत स्वतःचा आ वासायची, लहान मुलाला भरवताना बायका वासतात तसा. आप्पाही आ वासायचे. आईने पदराने तोंड पुसलं की त्यांचा डावा हात तोंडाकडे जायचा. पहिल्या पहिल्यांदा मला ते बघवत नसे. नंतर सवय झाली. याची सवय झाली हेच त्या दिवसांतलं सगळ्यात वाईट होतं.

माणसाला कळत नाही असं एकदा ठरलं की त्याच्यासमोर काहीही बोललं जातं. भेटायला येणारे आप्पांच्या पलंगाशेजारी बसून आप्पांबद्दल बोलायचे. किती दिवस चालेल हे. बाईने एकटीने उचलायचं कसं. आमचाच एक जण असा सात वर्षं होता. आप्पा मान डोलवत ऐकत असायचे, किंवा नसायचे.

पौषात मोहोर आला. त्या वर्षी तो भरून आला होता, पानं दिसत नव्हती. आप्पांना मोहोराच्या दिवसांत घरी असायचा योग फार क्वचित यायचा, म्हणून मी आणि आईने मिळून त्यांना खुर्चीत बसवून पडवीत आणायला सुरुवात केली. कॉलेजमधून मी दुपारी अडीचच्या सुमारास यायची. खळ्यात वालाच्या शेंगा वाळत असायच्या, समुद्राकडून सुरूच्या बनातला सूं सूं आवाज यायचा, आणि आप्पा कलमांकडे तोंड करून बसलेले असायचे. आंब्याकडे बघताहेत, की नुसतं तोंड तिकडे आहे, कळायला मार्ग नव्हता.

एक दिवस मला काय वाटलं कोण जाणे, मी तो खुंट्यांचा पट काढला. स्टुलावर मांडला. काळ्या सोंगट्या त्यांच्या बाजूला, पांढऱ्या माझ्याकडे. उंटापुढचं प्यादं दोन घरं पुढे बसवलं आणि वाट बघितली.

खूप वेळ काही झालं नाही. मग त्यांचा डावा हात मांडीवरून उठला. पटावर फिरला, एका प्याद्यावर थांबला, ते दोनदा बोटांतून निसटलं. तिसऱ्यांदा त्यांनी ते उचललं, आणि खुंटी भोकात बसवायला त्यांना इतका वेळ लागला की माझ्या हाताच्या मुठी वळल्या. पण ते त्यांनी बसवलं. उंटापुढचं प्यादं, दोन घरं पुढे.

मी ओरडतच आत गेले. आई हात पुसत आली. मी घोडा काढून दाखवला. आप्पांनी घोडा काढला. मी प्यादं सरकवलं, त्यांनी तेच प्यादं सरकवलं. मी उंट आणून बसवला, त्यांनीही बसवला. आई बघत होती. तिला खेळातलं काही कळत नसे, पण डोळ्यांना दिसत होतं ते तिने बरोबर पाहिलं.

"तू करतेस तेच करतायत गो," ती हळू आवाजात म्हणाली. "आ वासतात ना, तसं." आणि ती आत निघून गेली.

मी पट आवरला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मांडला. पुन्हा तेच. प्यादं तर प्यादं, घोडा तर घोडा. पुढचे पंधरा-वीस दिवस रोज आमचा हा डाव व्हायचा, आणि रोज मी तो पाचव्या नाहीतर सहाव्या खेळीला थांबवायची. कधी चहाचं निमित्त, कधी सबमिशनचं. खरं कारण मलाच ठाऊक होतं. नक्कल करत राहिलं तर बुद्धिबळात एक वेळ अशी येते की नक्कल करणारा मार खातो. पहिला घाव आपला असतो, त्याचा घाव एक खेळी उशिरा येतो. मी पुढे गेले असते आणि त्यांनी तेव्हाही माझीच खेळी उचलली असती, तर मला उत्तर मिळालं असतं. आणि ते उत्तर मला नको होतं. अर्धवट सोडलेल्या डावात आप्पा अजून असू शकत होते.

लोक सांगतात त्या आठवणींना एक ओघ असतो. माझ्या त्या पंधरा-वीस दिवसांना ओघ नाही. ते सगळे मिळून एकच दुपार आहेत. तिरपं ऊन, तुडतुड्यांवर मारलेल्या औषधाचा वास, शेजारच्या बागेतल्या पंपाची घरघर, आणि पटाच्या पलीकडे एक डावा हात, जो घोड्याचं डोकं चिमटीत पकडायला शिकत होता. तो हात दिवसेंदिवस सरावत होता, एवढं मात्र मला दिसत होतं. दिसत होतं आणि मी त्याचा अर्थ लावत नव्हते.

मग लांज्याच्या काकांचं पत्र आलं. काका म्हणजे आप्पांचे थोरले भाऊ. लांज्यात त्यांचं हायवेजवळ घर होतं, मुलं नोकरीला बाहेर गेलेली, चार खोल्या रिकाम्या. त्यांनी लिहिलं होतं की येत्या रविवारी येतो, सदाला, म्हणजे आप्पांना, आणि भावजयीला इकडेच घेऊन जातो. पोरीची सोय कॉलेजच्या हॉस्टेलला करू. भाट्याचं घर बंद ठेवू, बाग कुणाला तरी बघायला देऊ. यात काकांचा काही स्वार्थ नव्हता. ते मनापासूनच लिहीत होते. आईने पत्र वाचलं आणि पहिल्यांदाच तिच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला दिसला. ती आप्पांच्या शेजारी बसूनच मला म्हणाली, की जाऊ या. इथे आता काय आहे.

आप्पांना कुणी विचारलं नाही. विचारून काय, त्यांनी मान डोलवली असती.

रविवारी जेवणं झाल्यावर मी पट मांडला. हा इथला शेवटचा डाव, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी उंटापुढचं प्यादं टाकलं. त्यांनी टाकलं. घोडे आले, उंट आले, दोघांनी किल्लेकोट करून राजे कोपऱ्यात सुरक्षित नेले. डाव थांबवायची जागा आली, आणि निघून गेली. मी थांबले नाही. का ते मला आजही नीट सांगता येत नाही. लांज्याला जाऊन रोज अर्धे डाव मांडत बसणं मला नकोसं वाटलं असेल. मी वजिरापुढचं प्यादं उचललं आणि मध्यावर दोन घरं पुढे बसवलं. आता भांडण सुरू.

आप्पांचा हात उठला आणि सरळ त्यांच्या वजिरापुढच्या प्याद्यावर गेला. माझ्यासमोरच्याच प्याद्यावर. बोटं त्याच्या डोक्यावर टेकली. मी मान खाली घातली. मला पटाकडे बघवेना. सुरूच्या बनातला आवाज तेवढा ऐकू येत होता.

खुंटी भोकात बसल्याचा आवाज आला. मी वर पाहिलं. वजिरापुढचं प्यादं जागेवरच होतं. त्यांनी उंटापुढच्या प्याद्याने माझं मधलं प्यादं मारलं होतं, आणि मारलेलं प्यादं डाव्या मुठीत धरून ते माझ्याकडे बघत होते.

  मी घोड्याने मारलं, त्यांनी घोड्याने घोडा मारला, मी वजिराने मारलं. माझा वजीर आता पटाच्या मधोमध उघड्यावर उभा होता. त्यांनी एक प्यादं एकच घर पुढे सरकवलं, शांतपणे, घर लावल्यासारखं. माझं पटावर लक्ष नव्हतं. मी कुठलं तरी कडेचं प्यादं उचलायला हात नेला.

टक. टक.

आप्पांनी माझ्या वजिराच्या डोक्यावर नखाने वाजवलं होतं.

मी पाहिलं. माझ्या वजिराच्या तिरक्या रेषेत, कोपऱ्यात, त्यांचा उंट दबा धरून बसला होता. मधे फक्त त्यांचाच एक घोडा होता. तो घोडा बाजूला उडी मारेल त्या क्षणी माझा वजीर धोक्यात. मला ते दिसलं नव्हतं. त्यांना दिसलं होतं, आणि मला दिसलेलं नाही हेही दिसलं होतं.

"हा तर तुला सांगतोय," मागून आवाज आला. लांज्याचे काका पायरीवर उभे होते. एसटीतून उतरून चालत आलेले, हातात पिशवी, कपाळाला घाम. ते कधी आले आम्हाला कळलं नव्हतं. त्यांना बुद्धिबळ जेमतेम येत होतं, पण टकटक कशाला असते हे त्यांनी आमच्या पडवीत कितीदा पाहिलं होतं. ते तिथेच पायरीवर बसले. पाणीसुद्धा मागितलं नाही. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

मी वजीर मागे घेतला. मग आम्ही तो डाव खेळलो, खराखुरा. आप्पा हळू खेळत होते, एकेका खेळीला दहा-दहा मिनिटं. हत्ती समोरासमोर आले आणि कटले. वजीर कटले. ऊन खळ्यातून सरकत पायरीपर्यंत आलं. शेवटी माझ्याकडे राजा, चार प्यादी आणि पांढऱ्या घरांतून चालणारा उंट उरला. त्यांच्याकडे राजा, चार प्यादी आणि काळ्या घरांतून चालणारा उंट. हे दोन उंट जन्मभर फिरले तरी एकमेकांना गाठू शकत नाहीत. अशा डावात कुणी जिंकत नाही. हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

आप्पांनी पटावरून डावा हात पुढे केला. मी सवयीने उजवा केला, मग लक्षात येऊन डावा. त्यांनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही.

बरोबरी झाली की काहीच झालं नाही असं लोकांना वाटतं. शाळेत मी मुलांना बुद्धिबळ शिकवते तेव्हा मुलंही तोंड वाकडं करतात. मी त्यांना समजावत बसत नाही. पण एक गोष्ट मला त्या डावानंतर बऱ्याच वर्षांनी कळली, आणि ती कळल्यावर मी वर्गात फळ्यासमोर खडू हातात घेऊन तशीच उभी राहिले होते. त्या सुरुवातीत काळ्याने पहिल्या पाच-सहा खेळ्या पांढऱ्यासारख्याच करायच्या असतात. त्याच खेळ्या योग्य असतात. चांगला खेळाडू तेच खेळतो. आप्पा पंधरा-वीस दिवस माझी नक्कल करत नव्हते. ते बरोबर खेळत होते. आणि वेगळं खेळायची जागा आली की मी रोज पट आवरत होते.

त्या संध्याकाळी काकांनी चहा घेतला आणि खुर्ची ओढून ते आप्पांच्या समोर बसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या डोळ्यांत बघून बोलत होतं.

"सदा, मी तुला न्यायला आलो होतो. पण आता तूच सांग. येतोस काय लांज्याला?"

आम्ही तिघंही त्यांच्या मानेकडे बघत होतो. आप्पांनी नकार दिला. मान डावीकडून उजवीकडे, सावकाश, एकदाच. दुखणं आल्यापासूनचा तो पहिला नकार. काका हसले आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, बरं तर, मीच येत जाईन दर पंधरवड्याला. आणि ते येत राहिले, त्यांचे गुडघे पार गेले तोपर्यंत.

मला वाटलं होतं आई आनंदाने वेडी होईल. ती झालीही, म्हणजे तिने गोडाचा शिरा केला, काकांना आग्रहाने वाढला. पण काका शेवटच्या गाडीने गेले आणि मी स्वयंपाकघरात आले तेव्हा ती ओट्याला धरून उभी होती. चेहरा पांढरा पडलेला.

"त्यांना सगळं कळत होतं," ती म्हणाली. "पहिल्यापासून कळत असेल काय गो?"

मी म्हटलं, असेल. चांगलंच आहे की.

तिने मान हलवली. मग थांबत थांबत सांगितलं. मार्गशीर्षात पालीची मावशी, आईची थोरली बहीण, राहायला आली होती तेव्हा एका दुपारी दोघी आप्पांच्या पलंगाशी बसल्या होत्या. आईने रात्री तीन वेळा उठून चादरी बदलल्या होत्या. मावशीने पाठीवर हात फिरवला आणि आई बोलून गेली. देवाने त्या दिवशीच सोडवलं असतं तर बरं झालं असतं. त्यांचीही सुटका झाली असती आणि माझीही.

"त्यांच्या उशाशी बसून बोलले मी," आई म्हणाली. "आणि ते माझ्याकडे बघून मान डोलवत होते."

 मी एकोणीस वर्षांची होते. मी तिच्याजवळ उभी राहिले, एवढंच.

सकाळी धुकं होतं. ते विरल्यावर आम्ही आप्पांना खळ्यात उन्हाला बसवलं. आईने खोबरेल तेल कोमट करून आणलं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे उजव्या हाताला रोज मालीश करायचं असे. ती त्यांच्या पायाशी पाटावर बसली आणि तो जड हात मांडीवर घेऊन चोळू लागली. मी पडवीत पुस्तक उघडून बसले होते. पान काही उलटत नव्हतं.

आई मान वर न करताच म्हणाली, "ताई आली होती तेव्हा मी बोलले, ते ऐकलंत काय तुम्ही?"

आप्पांनी कलमांवरची नजर तिच्याकडे वळवली. मग त्यांनी होकार दिला. तो जुना, कशालाही डोलणारा होकार नव्हता. एकदाच खाली आलेली मान होती ती.

आईचे हात थांबले. "मी दमले होते हो," ती म्हणाली. 

आप्पांनी डावा हात उचलून स्वतःच्या छातीवर ठेवला. आई घाबरली. दुखतंय का म्हणत अर्धी उठली. त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्यांनी तिच्याकडे बोट केलं, मग तोच हात पुन्हा आपल्या छातीवर आणला. तिच्याकडे, आणि आपल्याकडे. आई बघत राहिली. मला अजून काही उमगलं नव्हतं, तिला उमगलं.

"तुम्हालाही तसंच वाटत होतं?"

आप्पांनी होकार दिला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता, कारण आईने तो आता आपल्या तेलकट हातांत धरून ठेवला होता.

"आणि आता?" आईने विचारलं.

आप्पांनी मान हलवली. डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे. नाही.

आई पुन्हा पाटावर बसली. तेलाची वाटी जवळ ओढून तिने त्यांचा उजवा हात मांडीवर घेतला, आणि मार्गशीर्षापासून घरात काय काय झालं ते त्यांना पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.